भरल्या ताटासमोर

५ जानेवारी, रविवार

आज दुपारी नदीकाठच्या कन्हानला आलो, मी आणि माझी लेक नूपुर. नंदनवनच्या घराला कुलूप लावताना जीव खालीवर होत होता, पण इथलं स्वयंपाकघर पाहिलं आणि एकदम हलकं वाटलं. पूर्वेला मोठी खिडकी, खिडकीबाहेर पेरूचं झाड, आणि ओटा बरोबर माझ्या उंचीचा. वीस वर्षं लोकांचे डबे करते आहे, पण अशा ओट्यापाशी उभी राहायची वेळ कधी आली नव्हती. हात आपोआप कामाला लागले. डबे घासूनपुसून ठेवले, डाळींवर चिठ्ठ्या लावल्या, चहा टाकला.

या उपवासाच्या घराचं नाव ‘निश्चय’. मधुकरराव हे इथले सर्वेसर्वा. शाळेत व्यायामाचे शिक्षक होते, आता बहात्तर वर्षांचे आहेत. गाल पिकल्या पेरूसारखे. वर्षातून चार वेळा चाळीस-चाळीस दिवस नुसत्या पाण्यावर राहतात म्हणे, आणि पाहिलं तर पन्नाशीचे वाटतात. नूपुरला धीर देताना म्हणाले की भूक म्हणजे शेजारच्या लेकरासारखी हाय पोरी, दोन दिवस दार नाही उघडलं तं आपोआप आपल्या घरी जाते. नूपुर हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

मी आधी नाहीच म्हटलं होतं. एकवीस दिवस पाण्यावर! आमच्या डॉक्टरांनीही नको म्हटलं. पण नूपुरने मेडिकलच्या परीक्षेचा अभ्यास दोनदा अर्धवट सोडला, मग कॉलेज सोडलं, मग जिम, मग चित्रकलेचा क्लास. सगळे नातेवाईक तिला हसतात ते तिला कळतं. त्या रात्री माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती म्हणाली, आई, एक गोष्ट तरी मला शेवटपर्यंत नेऊ दे. मी हो म्हटलं. एकच अट घातली, मीही बरोबर येणार. योगायोगाने इथल्या स्वयंपाकाच्या प्रयागबाई महिन्यापूर्वी काम सोडून गेल्या होत्या. नूपुरचे बाबा धर्मेंद्र चंद्रपूरहून फोनवर म्हणाले, वा, लेक उपाशी आणि आई आचारी, काय जोडी आहे तुमची!

६ जानेवारी, सोमवार

उपवासाच्या घरात आचारी कशाला, हे मलाही आज कळलं.

दिवसातून दोनदा, बाराला आणि संध्याकाळी सातला, ‘ताटबैठक’ असते. हॉलमध्ये पाट मांडायचे, प्रत्येकासमोर गरम भरलेलं ताट ठेवायचं, आणि एकवीस मिनिटं त्याच्याकडे नुसतं बघायचं. हात मांडीवर. नजर ताटावरून हलता कामा नये. मधुकररावांच्या मते अन्नापासून पळून केलेला उपवास कच्चा. समोर वाफाळतं भरीत असताना जो हात उचलत नाही, त्याचं मन पुढे कशालाच डळमळत नाही.

चौघं बसली. मधुकरराव, नूपुर, सक्करदऱ्याला पार्लर चालवणाऱ्या कामिनीताई, आणि खाणीच्या ऑफिसातले कृष्णकांत, जे तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटावा म्हणून आले आहेत. भाकरी, वांग्याचं भरीत, ओल्या तुरीच्या सोल्यांची आमटी, भात, ठेचा. मी दाराशी उभी होते. नूपुरचा गळा दर मिनिटाला वरखाली होत होता. एकदा डोळ्यांतून पाणीही आलं. पण हात हलला नाही. माझी पोर! मला अभिमान वाटला आणि रडूही आलं.

मग चारही ताटं माझ्याकडे आली. इथला नियम असा, की हे ताट बाहेर जाणार नाही. गाईला नाही, कुत्र्याला नाही, उकिरड्यावर तर नाहीच. घरात जो उपवास करत नाही, त्याने ते संपवायचं. मी म्हटलं, चार ताटं एकटीने? मधुकरराव म्हणाले, थोडं थोडंच तं असते, काहून टाकता पुष्पाताई, अन्न हाय ते.

माझी आई जेवताना कोणी टक लावून बघितलं तर पहिला घास बाजूला काढून कावळ्याला टाकायची. नजर लागलेलं अन्न पोटाला बाधतं म्हणायची. मी तसलं काही मानत नाही. आणि ताटात टाकायची सवय मला आईनेच लावली नाही. चारही ताटं खाल्ली. संपली कशी, माझं मलाच नवल वाटलं.

९ जानेवारी, गुरुवार

चौथा दिवस. पहिले दोन दिवस नूपुरचं डोकं दुखत होतं, आता छान आहे. सकाळी माझ्याकडून तेल लावून घेतलं. म्हणाली, आई, मला भूक लागतच नाही गं, आतून भरल्यासारखं वाटतं. मधुकरराव म्हणतात, हेच ते.

मला मात्र भलतीच भूक लागते आहे. चार ताटं संपवून तासाभरात पोटात खड्डा. हिवाळ्यात लागते भूक. नदीची हवाही असेल.

एक गोष्ट लिहून ठेवते. ताटं माझ्याकडे येतात तेव्हा भाकरी खालून ओलसर असते. वाफ धरत असेल म्हणून आज भाकरीखाली कोरडं फडकं घातलं. तरी ओलीच. बोटाला चिकट लागली.

१२ जानेवारी, रविवार

आज पाटवडीचा रस्सा केला होता. मी चव घेतली तेव्हा झणझणीत. ताटबैठकीनंतर तोच रस्सा तोंडात घेतला तर काहीच नाही, भांडी विसळलेलं कोमट पाणी. आणि भात. पहिल्याच घासाला शितं सुटी नव्हती. गोळा होता, दाबलेला, बुळबुळीत. कोणीतरी तोंडात घोळवून परत ठेवल्यासारखा. मी तो थुंकून बघितला. बारीक चावलेला होता, आणि मी अजून चावलाच नव्हता.

मी हॉलमध्येच होते. कोणी ताटाला हात लावलेला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कृष्णकांतांच्या ताटातलं खाल्लं की तोंडात सुपारी आणि चुन्याची चव येते. मी आयुष्यात खर्रा खाल्लेला नाही.

टाकून द्यावं असं वाटलं. पण पोट आत ओढत होतं. खाल्लं. डोळे मिटून खाल्लं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ केला, तोही ताटातच गेला. आज सगळ्यांची वजनं झाली. नऊ दिवस पाण्यावर राहून नूपुरचं वजन पावणेदोन किलोने वाढलं आहे. सगळ्यांचंच वाढलंय. टाळ्या वाजल्या. कामिनीताई तिच्या गालाचा चिमटा घेऊन म्हणाल्या, पाय वं कशी गुटगुटीत झाली, पार्लरवालीच्या पोटावर पाय देते का काय हे पोरगी! नूपुर लाजली, खरंच सुंदर दिसत होती. मला आनंद व्हायला हवा होता.

गमतीत मीही काट्यावर चढले. सात किलो कमी. मधुकररावांनी काटा बिघडला असेल म्हटलं आणि माझा आकडा पुसून टाकला.

बांगड्या कोपरापर्यंत वर जातात. मी दिवसाला आठ ताटं जेवते.

१६ जानेवारी, गुरुवार

दुपारी स्वयंपाकघरात बसून जेवले. आज ठेच्यात लसूण जास्त पडला होता. तिसरं ताट संपवत होते तेव्हा हॉलमधून ढेकर ऐकू आली. मधुकररावांची. लांब, ओली, तृप्त. मग कृष्णकांतांची. मी हात तसाच ठेवून दाराशी गेले. चौघं भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धवट मिटलेले, पोटावर हात. खोलीभर कच्च्या लसणाचा वास.

माझ्या तोंडाला वास नव्हता. तळहातावर श्वास सोडून पाहिला. काहीच नाही.

कामिनीताई नखाने दातांतलं काहीतरी काढत होत्या. निघालं ते त्यांनी ओढणीला पुसलं. वांग्याचं साल होतं. लसणाबरोबर मी नुकतंच गिळलेलं.

नूपुर मला बघून म्हणाली, आई, आज जरा तिखट होतं ना? आणि स्वतःच गोंधळली.

१७ जानेवारी, शुक्रवार

लिहू नये असं, पण लिहायलाच हवं. संडास तुंबला. बारा दिवस पाण्याखेरीज पोटात काही न गेलेल्या माणसांचा. माणूस बोलवावा लागला. तो नाकाला रुमाल बांधून म्हणाला, बाई, लगनघर हाय का इथं, किती लोकं जेवून राहिले? मी मागच्या दारी जाऊन ओकले. काही पडलं नाही. नुसतं पाणी. तेही स्वच्छ.

मी स्वतः आठवडाभर तिकडे गेलेली नाही. जायची गरजच पडली नाही.

१८ जानेवारी, शनिवार

ठरवलं. खाणार नाही. दोन्ही वेळची ताटं झाकून कपाटात ठेवली. वेगळा, कोणी न बघितलेला वाटीभर वरणभात करून खाल्ला. किती गोड लागला! अंगात ऊब आली.

१९ जानेवारी, रविवार

नूपुरला उठवायला गेले तर तिचा हात पांघरुणाबाहेर होता. मनगट दोन बोटांत मावलं. एका दिवसात. गाल बसलेले, ओठांवर पांढरी पापुद्री, तोंडाला आंबूस वास. उठवलं तर उठेना. पाणी पाजलं, बाहेर आलं. डॉक्टरला बोलवा म्हणायला मधुकररावांकडे धावले. तेही भिंतीला धरून उभे होते, सत्तरीचे दिसत होते, नाही, नव्वदीचे. ओरडले नाहीत. हात जोडून म्हणाले की ताई, पोरीचं ताट तेवढं खाऊन पाहा, मग डॉक्टरले बलवू.

कपाट उघडलं. भातावर बुरशीसारखी साय आली होती. नूपुरचं ताट मला ओळखू आलं. तिच्या तोंडाची चव मला ठाऊक आहे, लहानपणी तिचं उष्टं कितीदा खाल्लं. बोटांनी भराभर गिळलं.

अर्ध्या तासात ती उठून बसली. ओठ चाटले. म्हणाली, आज भात आंबला होता का गं?

२० जानेवारी, सोमवार

कन्हानच्या बाजारात विचारत विचारत प्रयागबाईंचं घर शोधलं. बाजेवर बसल्या होत्या. वयाने माझ्याएवढ्या, पण कातडी लोंबते आहे, दात नाहीत. मी कोण ते सांगायच्या आधीच माझ्या मनगटाकडे बघून त्यांनी तोंडाला पदर लावला.

म्हणाल्या की काहून जेवली वं माय तू? मीबी जेवली. सात महिने जेवली. ताटाकडं नुसतं पायणाऱ्याचं पोट भरते अन खाणाऱ्याचं रितं होते, एवढंच हाय ते. मले समजलं तं मी पळून आली. पण ज्या मास्तरणीचं ताट मी खात होती, ते मास्तरीण चौथ्या दिवशी गेली. बाकीचे कसे वाचले, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, त्या चार दिवसांत तिचं ताट तेवढं कोणी खाल्लं नाही, बाकीच्यांचं एका पाहुणीनं खाल्लं.

उपाय विचारला. नाही म्हणाल्या. मला निरोप देताना माझ्या हातावर गूळ ठेवला आणि लगेच तोंड भिंतीकडे वळवलं. मी खाताना बघायचं नव्हतं त्यांना.

२१ जानेवारी, मंगळवार

नूपुरला म्हटलं, घरी चल. सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचे डोळे भरले. म्हणाली, सहा दिवस राहिले आई. सगळे म्हणायचे हिच्याच्यानं होत नाही. आता तू पण म्हणून राहिली?

बळजबरीने तिच्या तोंडात पेजेचा चमचा घातला. शिरेना. तोंडात आधीच काहीतरी होतं. बोट घालून काढलं. भाकरीचा चावलेला घास. मी तासाभरापूर्वी गिळलेला. कोमट.

तिने माझ्या बोटावरचा तो परत चाटून घेतला. तिला कळलंही नाही.

२२ जानेवारी

धर्मेंद्र व्हिडिओवर म्हणाले, अरे वा, बारीक झालीस, लग्नातली दिसतेस. मग नीट बघितलं आणि हसायचे थांबले. रविवारी येतो म्हणाले. यायला नको. ते आले तर त्यांना जेवायला बसवतील —

फक्त नूपुरचं ताट खायचं असं ठरवलं होतं. बाकीची तिघं स्वतः ताटं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. रागावली नाहीत. हसत होती. तोंडाला पाणी सुटून हनुवटीवरून ओघळत होतं, ते कोणी पुसत नव्हतं. पुष्पाताई, वाया जाईल ना. पुष्पाताई, तेवढं संपवा ना.

जागची हलली नाहीत. दार अडवून. खाल्लं.

२४ जानेवारी

आज मागची दाढ घासाबरोबर गेली. गिळली. संध्याकाळी कृष्णकांत ‘कचकन’ काहीतरी लागलं म्हणाले, हातावर थुंकले. माझी दाढ. पुसून त्यांनी ती खिडकीत ठेवली.

पेन धरवत नाही नीट. केस उशीवर राहतात.

नूपुरचं वजन चार किलोने वाढलं. ती गाणं म्हणते. किती वर्षांनी —

२५ जानेवारी

मधुकररावांनी विचारलं, पोरी, पुढचे चाळीस धरते का? ती हो म्हणाली. मला न विचारता. एकदम. पहिल्यांदाच काहीतरी पूर्ण करते आहे ती. मी चाळीस दिवस नाही पुरणार. दहाही नाही.

मी गेले की तिचं ताट कोण खाणार?

२६ जानेवारी, रविवार

रात्रभर एकच वाक्य. पायणाऱ्याचं पोट भरते, खाणाऱ्याचं रितं होते. पण बघणारी तिची आईच असेल, तर माझी नजर तिचं काही ओढून घेणार नाही; तिने खायला हवं. तिच्या तोंडाने, तिच्या हाताने. एकदा खरा घास तिच्या पोटात गेला की हे सुटेल. आज तिचे एकवीस पूर्ण होतात. पुढचा संकल्प उद्या संध्याकाळी. मधला दिवस मोकळा.

मधुकररावांना सांगितलं, मी पण उपवास धरते. एका दिवसाचा. त्यांना नाही म्हणता येईना, नियम त्यांचाच. आणि नियमाप्रमाणे ताट वाया जाणार नाही. घरात जो उपवास करत नाही, त्याने खायचं. उद्या तशी एकच आहे, बाकीच्यांचे चाळीस अजून चालू आहेत. नूपुर नियम मोडणार नाही. तिला आता नियम मोडवत नाही.

धर्मेंद्रना येऊ नका कळवलं.

२७ जानेवारी, सोमवार. बारा वाजले

वही मांडीवर घेऊन बसले आहे. पाटावर. बाकीची तिघं आपापल्या ताटांसमोर. माझ्या ताटात तिच्या आवडीचं सगळं केलं. कोथिंबिरीची सांबारवडी, वडाभात, कढी, शिरा. उभं राहून करताना तीनदा खाली बसले.

बघते आहे. नुसती बघते. वडीचा खरपूस काठ. कढीवरचा फोडणीचा थेंब. मला वाटलं होतं शिसारी येईल. नाही आली —

एकवीस मिनिटं झाली. ताट नूपुरपुढे सरकवलं. म्हटलं, खा बाळा. नियम आहे ना.

ती कचरली. मग वडी उचलली. तोंड वाकडं केलं. ओली आहे म्हणाली, कोणीतरी चोखल्यासारखी. डोळे मिटून गिळली. माझी शहाणी —

माझ्या जिभेवर सांबार. खसखस. तेल. इतकी स्पष्ट चव. त्या वाटीभर वरणभातानंतर पहिल्यांदा. पोटात काहीतरी ऊन ऊन उतरलं.

नाही. हे असं नव्हतं —

तिने दुसरी घेतली. भात घेतला. तिला भूक लागलीय म्हणते, थांबवत नाही म्हणते. माझी बोटं गरम होताहेत. बांगडी पुन्हा मनगटावर अडली. तिच्या गळ्याचं हाड वर आलं आत्ता. माझ्या डोळ्यांसमोर. मी बघू नये. मान फिरवायला हवी. मान फिरवली की सुटेल.

शिऱ्यात तूप पुरेसं आहे. वेलची थोडी जास्त —

ढेकर आली मला. मधुकरराव माझ्याकडे बघून मान डोलावतात. ती रडते आहे आणि खाते आहे. म्हणते, आई, रिकामं वाटतं गं, काहीच जात नाही आत. ताटात अजून अर्धा शिरा आहे. मी तिला थांब म्हणणार आहे. तोंड उघडलं. तोंडातून निघालं ते, अन्न हाय ते बाळा, टाकू नको, आणखी एक घास, आईसाठी, एवढा एक —